आपण ठरवतो की आपोआप ठरतं? वही, पेन्सिल आणि मोबाईल घेऊन घरी कसं तपासायचं

मे महिन्यात भाचा सुट्टीला आमच्याकडे सांगलीला आला होता, दहावीतून अकरावीत जाणारा मुलगा, आणि एका रात्री गच्चीवर अंथरुण घातल्यावर मला म्हणाला, मावशी, सायन्सने सिद्ध केलंय म्हणे की आपण काही ठरवतच नाही, मेंदू आधीच ठरवून मोकळा होतो आणि आपल्याला नंतर कळतं, मग मी जे काही करतो ते मी करतो असं कसं म्हणायचं? कुठला तरी व्हिडिओ बघितला होता त्याने. मला आधी वाटलं अभ्यास टाळायला काढलंय, पण नाही, पोरगं खरंच घाबरलं होतं, दोन दिवस नीट जेवलं नव्हतं. त्याला नुसतं "असलं काही नसतं रे" म्हणून झोपवणं मला बरं वाटलं नाही. मग आम्ही ठरवलं की जे प्रयोग दाखवून लोक असं म्हणतात ते आपणच घरी करून बघू. सगळा प्रयोग घरी होत नाही, पण बराचसा होतो, आणि करून बघितल्यावर जे कळतं ते व्हिडिओ बघून कळत नाही. म्हणून लिहितेय, कुणाच्या घरात असाच प्रश्न पडलेलं कुणी असेल तर उपयोग होईल.

सामान असं: एक फुलस्केप वही, पेन्सिल, एक नाणं, स्लो मोशन असलेला मोबाईल, एक लॅपटॉप, आणि किमान दोन माणसं. शनिवार रविवार मोकळा ठेवा, घाईत करू नका.

पहिला भाग: मन ओळखणारी वही

क्लॉड शॅनन नावाचा माणूस, आज आपण फोनवर जे काही पाठवतो त्यामागचं गणित त्याने मांडलेलं, तो अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये असताना १९५३ च्या सुमारास त्याने एक छोटं मशीन बनवलं होतं. तुम्ही मनात दोनपैकी एक काहीतरी धरायचं आणि मशीनने ते ओळखायचं, बस एवढाच खेळ. त्याच्या आधी तिथल्याच हॅगेलबार्गरने असंच एक मोठं मशीन केलं होतं आणि त्याने ९,७९५ डावांपैकी ५,२१८ डाव जिंकले होते. ऐकायला हे थोडंच वाटतं, निम्म्यापेक्षा जरासं जास्त, पण इतक्या डावांमध्ये एवढा फरक नुसत्या नशिबाने पडणं जवळजवळ अशक्य आहे. गंमत म्हणजे शॅननचं मशीन फार काही लक्षात ठेवत नव्हतं. त्याच्याकडे फक्त आठ परिस्थितींसाठी आठ खाने होते आणि प्रत्येक खान्यात मागच्या दोन वेळी समोरच्याने काय केलं तेवढंच. म्हणजे हे काम वही करू शकते, आणि आपण तेच करणार आहोत, जरा सोपं करून.

वहीच्या एका पानावर आठ ओळी आखा. छापा म्हणजे छ, काटा म्हणजे क. ओळींची नावं लिहा: छछछ, छछक, छकछ, छकक, कछछ, कछक, ककछ, ककक. तीन वेळा छापा-काटा म्हटलं तर या आठच तऱ्हा होतात. प्रत्येक ओळीपुढे दोन रकाने करा, "पुढे छ" आणि "पुढे क". झाली वही तयार.

आता समोरच्याला सांगायचं की तू मनाला येईल तसं छापा किंवा काटा म्हणत जा, जितकं बेभरवशाचं म्हणता येईल तितकं म्हण, मी ओळखायचा प्रयत्न करणार. वही त्याला दिसता कामा नये, मधे उशी उभी करा. पहिली तीन उत्तरं नुसती लिहून घ्या. चौथ्यापासून तुमचं काम सुरू. समजा शेवटची तीन उत्तरं छछक होती, तर छछक ची ओळ बघा, तिथे ज्या रकान्यात जास्त रेघा तो तुमचा अंदाज. दोन्हीकडे सारख्याच असतील तर नाणं उडवून अंदाज ठरवा. अंदाज आधी कागदावर लिहायचा, मग समोरच्याला विचारायचं, मग बरोबर आला की चूक ते मांडायचं, आणि मग त्याने जे म्हटलं त्याची रेघ त्या जुन्या छछक च्याच ओळीत मारायची. त्यानंतर पहिलं अक्षर सोडून द्यायचं आणि नवीन शेवटी जोडायचं, म्हणजे तो क म्हणाला तर आता ओळ छकक. इथेच सगळे चुकतात, रेघ नवीन ओळीत मारतात, आमचीही पहिली दोन पानं अशीच फुकट गेली. हळू करा, एकदा हात बसला की सहा-सात सेकंदांत एक होतो.

१५० वेळा करा. पहिले पन्नास सोडून द्या कारण तेव्हा वही शिकत असते. उरलेल्या १०० मध्ये किती ओळखले ते मोजा. ५० च्या आसपास आले तर वहीला काही सापडलं नाही. ६० किंवा त्याच्या वर गेलं तर विचार करण्यासारखं आहे, कारण निव्वळ नशिबाने १०० पैकी ६० च्या वर जाणं शंभरातून तीन वेळासुद्धा होत नाही. आणि हो, अजून एक पान खऱ्या नाण्यासाठी ठेवा, नाणं १५० वेळा उडवून वहीला तेच काम द्या. हे कंटाळवाणं आहे पण सोडू नका, याच्याशिवाय वहीवर विश्वास ठेवायला काही आधारच नाही. आमच्याकडे नाण्याचे ४९ आले.

भाच्याचे ६३ आले. माझे ५८.

भाचा वही घेऊन बसला आणि सापडलं त्याला लगेच, ककक च्या ओळीत जवळपास सगळ्या रेघा छ कडे होत्या. म्हणजे तीनदा काटा म्हणून झालं की त्याला आतून वाटायचं की आता पुरे, आता छापा यायला पाहिजे. सगळ्यांचंच असं होतं. आपल्याला रँडम म्हणजे सारखं बदलत राहणारं असं वाटतं, खरं नाणं तसं नसतं. १०० वेळा नाणं उडवलं तर त्यात कुठेतरी सलग पाच एकसारखे येण्याची शक्यता ९७ टक्के असते. माणूस स्वतःच्या तोंडाने सलग पाच छापा म्हणायला कचरतो.

मग आईला बसवलं. आईला मी काहीच समजावलं नव्हतं, नुसतं म्हटलं छापा-काटा म्हणत राहा. तिचे आले ५१. वहीला काही म्हणजे काही सापडेना. भाच्याला वाटलं आजीकडे काहीतरी वेगळंच आहे, तिला ध्यानबिन येतं. विचारलं तर म्हणाली, अरे मी खिडकीतून रस्त्यावरच्या गाड्यांचे नंबर बघत होते, शेवटचा आकडा सम आला की छापा, विषम आला की काटा, डोक्याला कशाला त्रास द्यायचा.

या एका वाक्यावर आम्ही रात्री अकरापर्यंत बोलत बसलो, आणि मला वाटतं या सगळ्या प्रयोगातली ही सगळ्यात मोलाची गोष्ट. कारण बघा, वहीच्या हाती न लागणं म्हणजे मोकळं असणं असं धरलं तर सगळ्यात मोकळं ते नाणं, आणि त्याच्याखालोखाल गाडीचा नंबर वाचून बोलणारी आई. पण आई तर ते १५० वेळा काहीच ठरवत नव्हती! तिने एकदाच ठरवलं, सुरुवातीला, की मी ठरवणार नाही. आणि उलट बघा, दुपारी भर उन्हात कुणी दारात आलं तर आई आधी पाणी विचारणार हे मी वही न घेता शंभरातून शंभर वेळा सांगते. म्हणून ती तेव्हा मशीन असते का? मला तर ती तेव्हाच सगळ्यात जास्त आई असते. अंदाज बांधता येणं आणि परतंत्र असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि व्हिडिओवाले या दोन्ही एकाच पिशवीत घालतात.

वहीचा अजून एक डाव करा, तो राहिला तर अर्धी मजा जाते. आता मधली उशी काढा. अंदाज लिहिला की तो समोरच्याला दाखवा, आणि मग त्याला उत्तर द्यायला सांगा. अर्थात तो मुद्दाम उलटं म्हणणार आणि वहीचे ० येणार. डोनाल्ड मॅकाय नावाच्या ब्रिटिश मेंदू-अभ्यासकाने १९६० मध्ये यावर फार बारकाईने लिहिलंय, त्याचं म्हणणं साधारण असं की मेंदू घड्याळासारखा ठरलेला चालत असला तरी तुझ्याबद्दल बांधलेला अंदाज तुलाच सांगितला की तो मानणं तुझ्यावर बंधनकारक राहत नाही, कारण तो ऐकल्यानेच तू बदललास. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

पण प्रामाणिकपणे पुढची पायरीही करायची. अजून एक चिठ्ठी बनवा, तिच्यावर नियम लिहा: "समोर जे दिसेल त्याच्या उलटं." आता ही चिठ्ठी खेळाडू आणि वही ओळखणार. चिठ्ठीसुद्धा वहीला ० वर आणते. म्हणजे उलटं वागता येणं ही काही आत्म्याची सही नाही, कागदाचा कपटाही ते करतो. भाच्याला हे आवडलं नाही, मलाही नाही आवडलं, पण आहे ते आहे.

दुसरा भाग: घड्याळ

आता तो खरा प्रयोग, ज्याच्या नावाने सगळे व्हिडिओ बनतात. बेंजामिन लिबेट, सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, १९८३. त्याने लोकांना एका गोल तबकडीसमोर बसवलं, तिच्यावर एक ठिपका २.५६ सेकंदांत एक फेरी मारायचा. त्यांना सांगितलं की वाटेल तेव्हा मनगट हलवा, आणि हलवावंसं पहिल्यांदा वाटलं तेव्हा ठिपका कुठे होता ते लक्षात ठेवून सांगा. डोक्याला तारा लावलेल्या होत्या. निघालं असं की हालचालीच्या सरासरी ५५० मिलिसेकंद आधीच मेंदूत तयारीची एक हळूहळू चढत जाणारी लाट सुरू होते, आणि "मला वाटलं" हे लोक सांगतात हालचालीच्या जेमतेम २०० मिलिसेकंद आधीचं. मधले साडेतीनशे मिलिसेकंद. तेवढ्या फटीतून सगळी फ्री विल, म्हणजे आपल्या मर्जीने ठरवणं, वाहून गेली असं लोक म्हणतात.

तारांचा भाग घरी होणार नाही आणि त्यासाठी ऑनलाइन मिळणारे मेंदूच्या लहरी मोजायचे स्वस्त हेडबँड विकत घेऊ नका. ती लाट एका वेळी दिसतच नाही इतकी बारीक असते, चाळीस-चाळीस वेळा करून सरासरी काढावी लागते. ती मुळात शोधली फ्रायबुर्गच्या कॉर्नह्यूबर आणि डीकेने १९६५ च्या आसपास, आणि त्यासाठी त्यांनी टेपवर रेकॉर्ड करून टेप उलटी चालवली होती, कारण हालचाल कधी होणार ते आधी कुणाला माहीत? झाल्यावरच मागे जाता येतं. हे डोक्यात पक्कं ठेवा, पुढे लागणार आहे.

घड्याळाचा भाग मात्र घरी मस्त होतो. पॉवरपॉइंट उघडा. एक मोठं वर्तुळ काढा, आतला रंग काढून टाका. त्याच्या काठावर एक छोटा काळा ठिपका ठेवा आणि दोन्ही सिलेक्ट करून ग्रुप करा, ग्रुप नाही केला तर ठिपका जागच्या जागी फिरतो आणि तुम्हाला काहीच दिसत नाही. ग्रुप करताना ठिपका वर्तुळाच्या रेषेच्या बाहेर जाऊ देऊ नका, नाहीतर मधला बिंदू सरकतो आणि फेरी वाकडी होते. आता स्पिन अ‍ॅनिमेशन लावा, ड्युरेशन २.५६, रिपीट स्लाइड संपेपर्यंत. इफेक्ट ऑप्शन्समध्ये जाऊन स्मूथ स्टार्ट आणि स्मूथ एंड दोन्ही शून्य आहेत ना बघा, नसतील तर प्रत्येक फेरीच्या शेवटी ठिपका दम खातो आणि सगळे आकडे बिघडतात. वर्तुळाच्या बाहेर घड्याळासारखे ५, १०, १५ असे ६० पर्यंत आकडे टाका, मधे बारीक रेघा. म्हणजे एक घर साधारण ४३ मिलिसेकंदांचं झालं.

मोबाईल स्टँडवर असा लावा की स्क्रीन आणि समोरच्याचं बोट दोन्ही एकाच फ्रेममध्ये येतील. स्लो मोशन सेकंदाला २४० फ्रेमवर ठेवलं तर एक फ्रेम ४ मिलिसेकंदांची होते, पण लॅपटॉपचा स्क्रीन बहुतेक सेकंदाला ६० वेळाच बदलतो म्हणून १७ मिलिसेकंदांच्या खाली काही दिसणार नाही. आपल्याला तेवढं पुरे. बोटाच्या नखावर पांढरा ठिपका लावा, हालचाल कधी सुरू झाली ते फिल्मवर ओळखायला फार सोपं जातं, आम्ही करेक्शन पेन वापरलं.

आता समोरच्याने आरामात बसायचं, ठिपक्याची एक पूर्ण फेरी जाऊ द्यायची, मग मनात येईल तेव्हा बोट उचलायचं. "आता तीसवर उचलतो" असं आधी ठरवायचं नाही. उचललं की सांगायचं, उचलावंसं वाटलं तेव्हा ठिपका कुठे होता. तो म्हणाला १७, आणि फिल्ममध्ये बोट हललं तेव्हा ठिपका २२ वर, तर पाच घरं, म्हणजे २१५ मिलिसेकंद. असं चाळीस वेळा. मधे मधे डोळे मिटायला सांगा, ठिपक्याकडे बघून डोळे दुखतात.

भाच्याची सरासरी चार घरांच्या जरा वर आली, म्हणजे १८० च्या आसपास, लिबेटच्या आकड्याजवळच. तो जाम खूश. पण मग आम्ही एकेक आकडा बघितला. एकदा दोन घरं, एकदा नऊ, एकदा तीन, आणि तीन वेळा तर त्याने सांगितलेली वेळ बोट हलल्यानंतरची होती! म्हणजे बोट हललं आणि त्यानंतर त्याला हलवावंसं वाटलं? असं कसं होईल, तो स्वतःच म्हणाला. मग मी विचारलं, तुला नक्की काय आठवतं, तो ठिपका दिसला होता की तू नंतर हिशोब केलास? बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, खरं सांगू का मावशी, बोट उचलल्यावर मी विचार करतो की कुठे असेल, आणि मग आकडा येतो.

इथे थांबा आणि हे वाक्य लिहून ठेवा, तुमच्या घरातला माणूस असंच काहीतरी म्हणेल. चहा होईपर्यंत त्याला स्वतःच्या शब्दात सांगू द्या, तुम्ही मधे बोलू नका.

कारण पुढची पायरी याचीच तपासणी आहे आणि ती लिबेटनेही केली होती. आता समोरच्याने काहीच करायचं नाही, नुसतं ठिपक्याकडे बघायचं, आणि तुम्ही पेन्सिलीच्या मागच्या टोकाने त्याच्या हातावर अचानक टकटक करायचं. त्याने सांगायचं टक लागली तेव्हा ठिपका कुठे होता. इथे खरी वेळ फिल्मवर आहे, म्हणजे त्याची चूक मोजता येते. लिबेटच्या लोकांची सरासरी चूक साधारण ५० मिलिसेकंद होती, आणि गंमत बघा, ते खऱ्या वेळेच्या आधीची वेळ सांगत होते. तसंच "हात खरंच कधी हलला" असं विचारलं तेव्हाही लोक ८०-९० मिलिसेकंद आधीचं सांगत. म्हणजे स्वतःचा हात कधी हलला हेसुद्धा आपण बरोबर सांगत नाही, मग "वाटलं कधी" हे कसं सांगणार? आणि २००९ मध्ये बँक्स आणि इशम या दोघांनी तर बटण दाबल्यावर थोड्या उशिराने एक बीप वाजवला, आणि बीप जितका उशिरा तितकी लोकांनी सांगितलेली "ठरवल्याची वेळ"ही पुढे सरकली. जे आधीच होऊन गेलंय ते नंतरच्या आवाजाने कसं सरकेल? सरकतं, कारण ठरवल्याचा तो क्षण आपण मागाहून जुळवत असतो.

लाटेचंही ऐका. २०१२ मध्ये शुर्गर, सिट आणि डेहेन यांनी दाखवलं की मेंदूत कायम वरखाली होणारी खळबळ असते, आणि "कधीही हलव" असं सांगितलं की ती खळबळ योगायोगाने एका रेषेच्या वर गेली की हालचाल होते. आता तुम्ही हालचालीपासून टेप उलटी चालवून सरासरी काढली तर मागे नेहमी चढणच दिसणार, निर्णय आधी झाला नसला तरी. जसं बंब कधी ओसंडला तेवढंच टिपून मागे बघितलं तर दर वेळी पाणी चढतानाच दिसेल, म्हणून बंबाने ओसंडायचं आधी ठरवलं होतं असं कुणी म्हणणार नाही. सगळ्यांना हे पटलेलं नाही, वाद चालू आहे, पण "सिद्ध झालंय" हा शब्द मात्र वापरता येत नाही.

अजून एक प्रयोग लोक फेकतात तोंडावर, २००८ चा, मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून डावं बटण की उजवं ते सात सेकंद आधी ओळखलं म्हणून. ओळखलं ते साधारण ६० टक्के. भाच्याच्या वहीत ६३ होते, पेन्सिलीने! २०१२ मध्ये काही संशोधकांनी त्यावर हीच शंका काढली, की माणसाच्या आधीच्या उत्तरांवरूनही तेवढं ओळखता येतं. हे कळल्यावर भाच्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, त्या रात्री तो पोटभर जेवला.

मला स्वतःला सगळ्यात जास्त पटलेलं काम २०१९ चं आहे, माओझ आणि सहकाऱ्यांचं. त्यांनी लोकांना दोन संस्थांमधून एक निवडायला लावली, आणि काही वेळा निवडलेल्या संस्थेला खरेच १००० डॉलर मिळण्याची शक्यता होती, काही वेळा कुठलीही निवडा दोघींना सारखेच. जिथे निवडीने काहीच फरक पडत नव्हता तिथे ती प्रसिद्ध लाट दिसली. जिथे फरक पडत होता तिथे ती दिसलीच नाही म्हणायला हरकत नाही. म्हणजे बोट कधी उचलायचं हा निर्णय मुळात निर्णय म्हणण्याच्या लायकीचा आहे का, हाच प्रश्न आहे. ज्याचं मला काही पडलेलं नाही ते मी मेंदूच्या खळबळीवर सोडते, आईने गाड्यांच्या नंबरवर सोडलं तसं.

मग मन म्हणजे मशीन की अजून काही? या दोन दिवसांत मला मेंदूच्या बाहेरचं काही सापडलं नाही, आणि सापडल्यासारखं दाखवणार नाही. पण वही ६३ वेळा बरोबर आली तरी वहीला त्याचं काही वाटलं नाही आणि भाच्याला वाटलं, हा फरक कुठून येतो तिथे यातला एकही आकडा पोहोचत नाही. ठिपका, फ्रेम, रेघा, सगळं "कधी" सांगतं. वाटणं म्हणजे काय ते सांगत नाही.

तिसरा भाग, हवा असेल त्यांनीच करा

हा भाग प्रयोगशाळेचा नाही, माझ्या दादाचा आहे. दादा वीस वर्षं तंबाखू खातोय. भाच्याचा तो व्हिडिओ त्यानेही बघितला आणि म्हणाला, बघ, माझ्या हातात नाहीच ते, हात आपोआप जातो. मला ते फार लागलं, कारण त्यात थोडं खरं होतं. हात खरंच आपोआप जातो, मी बघितलंय, बोलता बोलता डाव्या तळहातावर चुना मळला जातोय आणि तोंडाने गाडीच्या हप्त्याचं बोलणं चाललंय.

पण लिबेट स्वतः म्हणायचा की सुरुवात आपल्या हातात नसली तरी अडवणं असू शकतं. आणि २०१६ मध्ये बर्लिनला शुल्त्से-क्राफ्ट आणि मंडळींनी ते तपासलं, लोक पायाने पेडल दाबत होते, कॉम्प्युटर त्यांची लाट ओळखून लाल दिवा लावत होता, आणि दिवा हालचालीच्या २०० मिलिसेकंदांपेक्षा आधी लागला तर लोक थांबू शकत होते. त्याच्यानंतर लागला तर नाही. म्हणजे लाट सुरू झाली म्हणजे सगळं संपलं असं नाही, फक्त दिवा वेळेत लागायला हवा.

दादाचा दिवा म्हणजे छोटी खिशातली डायरी. तीन खुणा ठरवल्या. हात खिशात गेल्यावर, पुडी हाताला लागल्यावर कळलं तर फुली. हात निघताना कळलं तर आडवी रेघ. हात निघायच्या आधीच, नुसती तलफ आली तेव्हा कळलं तर गोल. खावी की न खावी यावर काहीच बंधन नाही, फक्त खूण करायची आणि वेळ लिहायची. खाल्ली म्हणून कुणी बोलायचं नाही, घरातल्यांना हे आधी नीट बजावून ठेवा, वहिनीला मी हात जोडून सांगितलं होतं. आणि तंबाखू सुटणं नुसत्या इच्छेचं काम नाही, निकोटीनने शरीर धरलेलं असतं, तेव्हा डॉक्टरांशी बोला आणि सरकारची १८००-११-२३५६ ही टोल-फ्री लाइन आहे तिथे फोन करा, डायरी त्याच्या जोडीला आहे, त्याच्याऐवजी नाही.

पहिल्या आठवड्यात पानंच्या पानं फुल्या. दादा म्हणाला, बघ, मी सांगत नव्हतो? मी काही बोलले नाही. दुसऱ्या आठवड्यात रेघा यायला लागल्या. अठराव्या दिवशी पहिला गोल, दुपारी ४:२०, पुढे काहीच लिहिलेलं नव्हतं, फक्त गोल, आणि तो इतका दाबून काढलेला की मागच्या पानावर उमटलाय. त्या वेळी त्याने तंबाखू खाल्ली की नाही ते मी विचारलं नाही.

डायरी कुठे ठेवायची हे महत्त्वाचं आहे. पँटच्या मागच्या खिशात नको, बॅगेत नको. शर्टाच्या त्याच खिशात, पुडीच्या पुढे, म्हणजे हात गेला की बोटं आधी तिला लागतात.